नवे अल्बम एकमेकांना सुचवताना: श्रवणगट सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

संगीत ऐकणारे मित्र प्रत्येकाला असतात, पण एकमेकांना नवे काही ऐकवण्याची शिस्त फार थोड्या मित्रमंडळींत टिकते. पहिल्या उत्साहात समूहावर दिवसाला दहा-दहा लिंका येतात आणि महिन्याभरात कोणी त्या उघडूनही पाहीनासे होते. आवडी जुळत नाहीत म्हणून असे होते, असा सर्वसाधारण समज आहे. माझे मत मात्र अनुभवांती असे झाले आहे की दोष आवडीनिवडीचा नसतो, शिफारस करण्याच्या रीतीचा असतो. ख्याल ऐकणारे काका, रॉकवर पोसलेली भाची, हिपहॉपखेरीज काही न ऐकणारा शेजारी आणि भावगीतांवर मनापासून प्रेम करणाऱ्या बाई एकाच गटात सुखाने नांदू शकतात. अट एवढीच, की सुचवणाऱ्याने समोरच्याला आत शिरायची वाट दाखवली पाहिजे.

सुरुवातीला हाताशी काय असावे

- ऐकण्याच्या एखाद्या सेवेचे खाते (स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, जिओसावन यांपैकी कोणतेही). शक्यतो वर्गणी भरलेले असावे, कारण मोफत खात्यावर गाणी क्रमाने लागतीलच असे नाही आणि मध्ये जाहिराती येतात.
- बरा हेडफोन किंवा घरातले स्पीकर. फोनच्या स्पीकरवर डग्ग्याची घुमारी आणि बास गिटार दोन्ही जवळजवळ नाहीशी होतात आणि मग अल्बम पोकळ वाटतो.
- एक वही आणि गटासाठी सर्वांना उघडता येईल असा तक्ता. गूगल शीट पुरेशी होते.
- आठवड्यातून एक अखंड तास.

१. गट लहान ठेवा आणि नियम आधी ठरवा

सहा ते आठ माणसे पुरेत. त्याहून अधिक झाली की आपली पाळी महिनोन्‌महिने येत नाही आणि माणसाचे लक्ष उडते. पंधरवड्याला एकाची पाळी, एका पाळीला एकच अल्बम, आणि सर्वांनी तो पूर्ण ऐकायचा, हे तीन नियम पहिल्याच दिवशी मान्य करून घ्या. ‘नवा’ म्हणजे किती नवा, हेही ठरवून टाका. गेल्या दोन वर्षांत प्रसिद्ध झालेला अल्बम ही मर्यादा सोयीची आहे, कारण ती फार कडक ठेवली तर जे कानावर पडले तेच पुढे ढकलले जाते आणि अजिबात ठेवली नाही तर प्रत्येक जण आपल्या कॉलेजच्या दिवसांतल्या आवडत्या तबकड्यांकडे वळतो. जुन्या ध्वनिमुद्रणांची ओढ असणाऱ्यांसाठी मुंबईत १९९० साली स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था आहे. तिच्या श्रवणसभांना अवश्य जावे, पण त्या आनंदाची आणि या गटाची सरमिसळ करू नये.

सुटी गाणी चालतील का, हा प्रश्न मराठी गटात हमखास निघतो, कारण आपल्याकडचे पुष्कळ नवे संगीत एकेका गाण्याच्या रूपातच येते. माझा सल्ला असा, की एकाच कलाकाराची किमान चार गाणी त्याने स्वतः एकत्र प्रसिद्ध केली असतील, तर ती मान्य करावीत. आपण स्वतः निवडून केलेली यादी मात्र अल्बम म्हणून सुचवू नये. गाण्यांचा क्रम कोणी आणि का लावला, हा ऐकण्याचा मोठा भाग असतो आणि स्वतःच्या यादीत तो कलाकाराच्या हातून निसटतो.

२. नव्या अल्बमांचा माग काढा

१० जुलै २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी प्रसिद्ध करण्याची पद्धत रूढ झाली. त्याआधी अमेरिकेत मंगळवार होता आणि ब्रिटनमध्ये सोमवार. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी पंधरा मिनिटे काढून त्या दिवशी काय आले ते पाहिले, तरी बरेचसे काम होते. अपवाद घडतात. पोर्टो रिकोच्या बॅड बनी या गायकाचा, तिथल्या प्लेना आणि हिबारो या लोकसंगीतावर उभा असलेला अल्बम ५ जानेवारी २०२५ ला, म्हणजे रविवारी आला. आणि अमेरिकी रॅपर केंड्रिक लमारचा ‘जीएनएक्स’ २२ नोव्हेंबर २०२४ ला कोणतीही पूर्वसूचना न देता आला, वार मात्र शुक्रवारच होता.

याहून उपयोगी रीत म्हणजे नावांचा पाठपुरावा. आवडलेल्या अल्बमवर कोणी काय वाजवले आहे, याची श्रेयनामावली वाचा आणि त्यातले एक नाव धरून पुढे जा. लाहोरमध्ये वाढलेल्या आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या गायिका अरूज आफताब यांचा ‘नाइट रेन’ हा अल्बम ३१ मे २०२४ ला आला. त्यात पियानोवादक विजय अय्यर एका गाण्यात आहेत. ते नाव धरले, की २०२३ चा ‘लव्ह इन एक्झाइल’ सापडतो, ज्यात हे दोघे आणि शहजाद इस्माइली असे तिघेच आहेत आणि बराचसा भाग त्या वेळी सुचेल तसा वाजवलेला आहे. तिथून पुढे गेले, की विजय अय्यर यांच्या त्रयीचा, लिंडा मे हान ओ आणि टायशॉन सोरी यांच्यासह केलेला, २०२४ चा ‘कम्पॅशन’ मिळतो. उर्दू शायरीच्या गाण्यापासून जॅझच्या पियानोपर्यंतचा हा प्रवास तीन पायऱ्यांत झाला आणि प्रत्येक पायरीला ओळखीचा एक तरी सूर सोबत होता. अ‍ॅपने आपोआप सुचवलेल्या यादीत ही सोबत नसते. तिथे जे आधी ऐकले त्याच्यासारखेच काहीतरी पुन्हा पुढ्यात येते.

*सावधगिरी:* अनोळखी कलाकार असेल तर तो कोण, कुठे वाजवतो, त्याच्यासोबत कोण आहे, एवढे तरी तपासून घ्या. २०२५ च्या उन्हाळ्यात ‘द वेल्व्हेट सनडाउन’ या नावाने स्पॉटिफायवर दर महिन्याला दहा लाखांच्या आसपास श्रोते मिळवणारे संगीत मुळात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले निघाले. एकाच नावाचे दोन कलाकार असले तर दुसऱ्याचाच अल्बम पहिल्याच्या पानावर दिसण्याचे प्रकारही होतात.

३. अ‍ॅप नीट लावून घ्या

हे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते न केल्यामुळे चांगल्या अल्बमविषयी वाईट मत झालेले मी अनेकदा पाहिले आहे.

शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणारी सोय, बंद आहे ना, ते आधी पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अडेल या गायिकेच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचे मुख्य बटण क्रमाने वाजणारे केले, परंतु आपण दुसरीकडे शफल चालू ठेवला असेल तर तो तसाच राहू शकतो. क्रॉसफेड शून्यावर आणा, नाही तर एका गाण्याचा शेवट पुढच्या गाण्याखाली बुडतो. ऑटोप्ले बंद करा. ते चालू राहिले तर अल्बम संपल्यावर भलतेच गाणे सुरू होते आणि नवख्या श्रोत्याला तेही अल्बमचाच भाग वाटते. अतिशय हळू आणि अतिशय मोठा असा दोन्ही आवाज असलेले संगीत ऐकताना सर्व गाण्यांचा आवाज समान करणारी सोयही बंद ठेवून पाहावी.

आवृत्ती कोणती, हेही तपासा. रोसालिया या स्पॅनिश गायिकेचा ७ नोव्हेंबर २०२५ ला आलेला ‘लुक्स’ तबकडीवर घेतला तर त्यात १८ गाणी आहेत आणि अ‍ॅपवर १५. कित्येक अल्बमांच्या ‘डीलक्स’ आवृत्त्यांत शेवटी जादा गाणी जोडलेली असतात आणि मूळ शेवट कुठे होता हे कळेनासे होते. गटात लिंक देताना मूळ आवृत्तीचीच द्यावी. प्रत्येकाची सेवा वेगळी असेल तर ओडेस्ली या संकेतस्थळावर एक लिंक टाकली, की सगळ्या सेवांची एकत्र लिंक तयार होते.

४. सुचवण्याआधी तीनदा ऐका

पहिल्यांदा काहीही न लिहिता सलग ऐका. स्वयंपाक करताना, चालताना ऐकले तरी चालेल. दुसऱ्यांदा बसून, वही घेऊन ऐका आणि जिथे कान टवकारले तिथला मिनिट आणि सेकंद लिहून ठेवा. तिसऱ्यांदा आपण ज्याला हा अल्बम सुचवणार आहोत त्या माणसाच्या कानांनी ऐका: त्याला कुठे कंटाळा येईल, कुठे तो मान डोलावेल, कोणत्या गाण्याला तो फोन खाली ठेवेल. हे तिसरे ऐकणेच सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि बहुतेक जण नेमके तेच टाळतात.

‘नाइट रेन’चेच उदाहरण घेऊ. पहिल्या ऐकण्यात हा रात्रीचा, संथ, फार आवाज न चढवणारा अल्बम आहे एवढेच कळते. दुसऱ्या वेळी लक्षात येते, की त्यातल्या ‘ना गुल’ आणि ‘साकी’ या दोन गाण्यांचे शब्द मह लका बाई चंदा यांचे आहेत. हैदराबादच्या या शायराचा जन्म १७६८ चा, मृत्यू १८२४ चा, म्हणजे निजामाच्या दरबारातली, दख्खनची उर्दू शायरी आज ब्रुकलिनहून ऐकू येते आहे. मराठवाड्यातल्या श्रोत्याला हा धागा सांगितलाच पाहिजे. याच अल्बममध्ये ‘ऑटम लीव्ह्ज’ हे जॅझवाल्यांनी असंख्य वेळा वाजवलेले, मुळात फ्रान्समधून आलेले गाणेही आहे, आणि आधीच्या, २०२१ च्या ‘व्हल्चर प्रिन्स’मधले एक गाणे नव्या रूपात पुन्हा आलेले आहे. तिसऱ्या ऐकण्यात मी ठरवीन, की गझल ऐकणाऱ्याला ‘ना गुल’पासून सुरुवात करायला सांगावे, आणि जॅझ ऐकणाऱ्याला ‘ऑटम लीव्ह्ज’पासून. दोघांनाही ‘पहिल्यापासून ऐका’ एवढेच सांगितले असते, तर कदाचित दोघांनीही तिसऱ्या गाण्यावर सोडून दिले असते.

५. शिफारस लिहा

‘जबरदस्त आहे, ऐकाच’ याने काहीही कळत नाही. चांगल्या शिफारशीत अल्बमचे व कलाकाराचे नाव, वर्ष, एकूण कालावधी, तो कोणासाठी आहे, कुठून सुरुवात करावी, एखादी नेमकी जागा, आणि जे खटकण्याचा संभव आहे ते, एवढ्या गोष्टी असाव्यात. हे सगळे सात-आठ ओळींत बसते. कालावधी सांगणे अनेकांना क्षुल्लक वाटते, पण तो कळला की ऐकणारा वेळ काढून ठेवतो. बिली आयलिशच्या २०२४ च्या अल्बममध्ये दहा गाणी आणि पाऊण तासाहूनही कमी वेळ आहे, तर बियॉन्सेच्या त्याच वर्षीच्या ‘काउबॉय कार्टर’मध्ये २७ नोंदी आणि तासाहून बराच अधिक वेळ आहे, दोन्हींची तयारी सारखी असू शकत नाही.

नमुना म्हणून, ख्याल ऐकणाऱ्या काकांना इंग्लंडच्या ‘द क्युअर’चा अल्बम सुचवताना मी असे लिहीन:

> काका, ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’, द क्युअर, १ नोव्हेंबर २०२४. गाणी आठ, वेळ सुमारे ४९ मिनिटे. या मंडळींचा सोळा वर्षांनी आलेला नवा अल्बम. रॉक आहे, पण तुम्हाला यासाठी सुचवतो आहे की यांना घाई नाही. पहिल्या गाण्यात गायक तीन मिनिटांहून अधिक काळ गातच नाही. तोवर गिटार, कीबोर्ड आणि ड्रम एकच वातावरण भरत राहतात. शेवटचे गाणे दहा मिनिटांहून मोठे आहे आणि त्यात तर गाणे सुरू व्हायला सहा मिनिटे लागतात. तुम्ही विलंबित ऐकताना जो धीर धरता तोच इथे धरा. आधी पहिले गाणे, मग थेट शेवटचे, आणि जमले तर मधली सहा. ड्रमचा आवाज जड आहे, त्यामुळे रात्री स्पीकरवर ऐकताना जरा बेताने. विषय मृत्यूचा आणि आप्त गमावण्याचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

शेवटचे वाक्य मी जाणूनबुजून घातले आहे. ज्यांच्या घरात नुकतेच दुःख झाले आहे, त्यांना अशा अल्बमविषयी आधी कल्पना दिलेली बरी असते.

६. शैलीचे कुंपण ओलांडताना ओळखीची एक गोष्ट द्या

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ‘तुला जॅझ आवडत नाही ना, मग हे ऐकून बघच’ अशा ईर्षेने दिलेली शिफारस कधीच पोहोचत नाही. समोरच्याच्या कानाला ठाऊक असलेली एक गोष्ट, मग ती वाद्य असो, आवाज असो, ठेका असो वा भाषा, अल्बममध्ये शोधा आणि तिथूनच त्याला आत न्या.

तबला ऐकणाऱ्याला ‘अ‍ॅज वी स्पीक’ (२०२३) द्या. त्यात झाकीर हुसेन यांचा तबला आणि राकेश चौरसिया यांची बासरी आहे आणि समोर बेला फ्लेक यांचा बँजो आणि एडगर मायर यांचा डबल बास. बँजो हे अमेरिकी लोकसंगीताचे वाद्य आपल्या श्रोत्याला परके वाटण्याची शक्यता असते, पण तबल्याशी त्याची सवाल-जवाबाची बोली सुरू झाली, की परकेपणा आपोआप ओसरतो. शंकर महादेवन यांचा आवाज मराठी घरात सर्वांच्या ओळखीचा आहे. त्यांना भावगीतातून आणि चित्रपटातून ऐकणाऱ्यांना ‘शक्ती’चा २०२३ चा ‘धिस मोमेंट’ द्यावा. १९७० च्या दशकात जॉन मॅकलॉफलिन आणि झाकीर हुसेन यांनी सुरू केलेल्या या गटाने साडेचार दशकांनंतर स्टुडिओत केलेला हा अल्बम आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळाले. पहिले गाणे २०१४ साली गेलेल्या मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्या आठवणीत आहे, हे सांगून मगच ऐकवावे. झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ ला गेले. त्यानंतर हा अल्बम ऐकताना प्रत्येक ठेक्याकडे कान अधिक लागतो, आणि तसे लागण्यात गैर काही नाही.

एकच अल्बम दोन रूपांत उपलब्ध असेल तर ती संधी सोडू नका. नायजर देशातले, सहारा वाळवंटातल्या तुआरेग समाजाचे गिटारवादक म्दू मोक्तार यांचा ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ (२०२४) हा कानठळ्या बसवणारा, विजेच्या गिटारींचा अल्बम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी त्याच गाण्यांचा ‘टीअर्स ऑफ इनजस्टिस’ हा साध्या, विजेविना वाजवलेल्या वाद्यांवरचा अल्बम काढला. जुलै २०२३ मध्ये त्यांच्या देशात लष्करी उठाव झाला तेव्हा ही मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर होती आणि त्यांना लगेच घरी परतता आले नाही. या दुसऱ्या अल्बमचा शोकाचा सूर त्यातून आला. गोंगाट न सोसणाऱ्यांना आधी दुसरा अल्बम ऐकवा, चाली ओळखीच्या होऊ द्या, आणि पुढच्या पंधरवड्याला पहिला. हेच मोक्तार लहानपणी सायकलच्या तारा लावून घरी केलेल्या गिटारवर शिकले, हे सांगितल्यावर आमच्या गटातल्या शाळकरी मुलाने दोन्ही अल्बम एका बैठकीत ऐकले होते.

हिपहॉप किंवा परभाषेतल्या संगीताबाबत शब्द कळत नाहीत ही तक्रार रास्त असते. गीतांचा मजकूर आणि दोन वाक्यांत त्याचा आशय मराठीत लिहून द्यावा. रोसालियाच्या ‘लुक्स’मध्ये तेरा भाषा आहेत आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा सोबतीला आहे, तिथे तर ही मदत दिलीच पाहिजे.

७. दुसऱ्याने सुचवलेले ऐकताना

पंधरवडा संपण्याच्या आत उत्तर द्या, आणि उत्तरात किमान एक जागा सांगा: अमुक गाण्यात अमुक ठिकाणी काय झाले ते. ‘छान’ हा शब्द एकटा पाठवू नका. नाही आवडले तर तेही सांगा, पण कुठवर ऐकले आणि काय खटकले हे सांगून. ‘हे संगीतच नव्हे’ हे वाक्य गटात बंदच असावे, कारण ते ऐकल्यावर सुचवणारा पुढच्या पाळीला सर्वांना आवडेल असे गुळमुळीत काहीतरी आणतो आणि गट तिथून उतरणीला लागतो. वयाने मोठ्यांच्या निवडीला भिडेपोटी होकार देणे आणि धाकट्यांची निवड हसण्यावारी नेणे, या दोन्ही गोष्टी घरगुती गटात सहज घडतात. पाळी कोणाची आहे हे वयावर नव्हे, तक्त्यावर ठरते, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

८. पैसे आणि नोंदी

मनापासून आवडलेला अल्बम विकत घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बँडकँप या अल्बम विकणाऱ्या संकेतस्थळावर डिजिटल अल्बम घेतला तर कंपनी साधारणपणे १५ टक्के वाटा ठेवते आणि बाकीची रक्कम, भरणा-शुल्क वजा जाऊन, कलाकाराकडे किंवा त्याच्या कंपनीकडे जाते. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात. त्या दिवशी गटाने मिळून एखादा अल्बम घ्यावा आणि ज्याची पाळी होती त्याला भेट द्यावा. परदेशी चलनात पैसे भरायचे असल्याने कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत ना, हे आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहून ठेवा. अल्बमची फाइल फुकट वाटणारी लिंक गटात टाकू नका.

तक्त्यात अल्बम, कलाकार, वर्ष, कोणी सुचवला, कोणासाठी, सुरुवातीचे गाणे, आणि प्रत्येकाने सांगितलेली जागा असे रकाने करा. गुण किंवा तारे देण्याचा रकाना ठेवू नका. सहा महिन्यांनी ‘जागा’ हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, की कोणाचा कान आवाजाकडे जातो, कोणाचा ठेक्याकडे आणि कोणाचा शब्दांकडे, हे स्वच्छ दिसते, आणि पुढची पाळी आल्यावर कोणासाठी काय शोधायचे याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो.